सणाची आरास आणि मांजराची जीभ

भाद्रपदातल्या महालक्ष्म्यांपासून पौषातल्या संक्रांतीपर्यंतचे चार-पाच महिने वऱ्हाडात सणांचे असतात. महालक्ष्म्यांच्या डोक्यावर दोऱ्यांनी फुलोरा टांगला जातो, दिवाळीत आकाशकंदिलाच्या झिरमिळ्या हलतात, डिसेंबरात नाताळचे झाड सजते आणि जानेवारीत तुटलेल्या पतंगांचा मांजा गच्चीवर पडलेला असतो. कॅथलिक चर्चचा अमरावती धर्मप्रांत १९५५ साली स्थापन झाला. त्याआधीपासूनच अकोला-अमरावतीत ख्रिस्ती वस्ती आहे आणि नाताळचे झाड इथल्या घरांना नवे नाही. थंड प्रदेशातला फर वृक्ष इकडे मिळत नाही, म्हणून कुंडीतला अरॉकेरिया, सुरूची फांदी किंवा प्लॅस्टिकचे झाड उभे केले जाते.

यांपैकी कितीतरी घरांत मांजरही असते. वरवर पाहता या सजावटींत फारसे साम्य नाही. मांजराच्या दृष्टीने मात्र त्या सगळ्या एकाच जातीच्या वस्तू आहेत. त्या बारीक, लांब, चकचकीत आणि हलणाऱ्या आहेत. मांजराला त्यांचा मोह का पडतो आणि तो जिवावर का बेततो, हे समजून घेतले तर उपाय आपोआप सुचतात.

हलते ते भक्ष्य

मांजर हा मूळचा एकट्याने, अंधुक प्रकाशात शिकार करणारा प्राणी. त्याच्या डोळ्याच्या दृष्टिपटलामागे प्रकाश परावर्तित करणारा चकचकीत थर असतो, त्यामुळे संध्याकाळच्या मंद उजेडातही त्याला हालचाल टिपता येते. रंगांची जाण मात्र त्याला आपल्यापेक्षा कमी असते. तांबडा रंग त्याला आपल्यासारखा उठून दिसत नाही. म्हणजे झिरमिळीचा रंग बदलून काही साधत नाही. तिची चमक आणि तिचे हलणे हेच त्याला खेचून घेते. उंदराची शेपटी आणि वाऱ्यावर हलणारी जर यांत झडप घालण्यापूर्वी फरक करण्याची त्याला सवय नाही.

फुलोऱ्यात तर मोह दुहेरी आहे. करंज्या-पापड्यांचे तूप किंवा तेल दोऱ्यात मुरते. हलणारा दोरा त्यामुळे खाण्याच्या वासाचाही होतो.

जिभेवरचे आकडे

झडप घातल्यावर मांजर वस्तू तोंडात धरते. कुत्रा नको असलेली वस्तू सहज थुंकून टाकतो. मांजराला दोरा थुंकणे अवघड जाते, आणि त्याचे कारण त्याच्या जिभेवर आहे. मांजराने हात चाटला की खरखरीत लागतो, हे मुलांना ठाऊक असते. हा खरखरीतपणा जिभेवरच्या कडक काट्यांमुळे येतो. आपली नखे ज्या केराटिन या प्रथिनाची असतात, त्याचेच हे काटे बनलेले असतात. २०१८ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात असे सुमारे ३०० काटे मोजले गेले. त्यांची टोके पन्हाळीसारखी पोकळ असतात आणि त्यांतून लाळ केसांच्या मुळापर्यंत पोचते, असेही त्यात दिसून आले.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की हे सर्व काटे घशाच्या दिशेने वळलेले असतात. हाडावरचे मांस खरवडायला आणि अंग विंचरायला ही रचना उत्तम आहे. पण त्यांत अडकलेला दोरा पुढे येऊ शकत नाही. जिभेची प्रत्येक हालचाल त्याला आत ढकलते.

नेफा आणि नाडी

गिळलेला मणी किंवा लहानसा खडा बहुधा विष्ठेवाटे निघून जातो. दोऱ्याचे तसे होत नाही. त्याचे एक टोक बरेचदा जिभेच्या मुळाशी गुंडाळले जाते, किंवा जठरातून लहान आतडे सुरू होते त्या अरुंद जागी गाठ होऊन अडकते. उरलेला दोरा आतड्यात उतरतो.

आतड्याच्या भित्तीतले स्नायू क्रमाक्रमाने आकुंचन पावून अन्न पुढे ढकलतात. या लाटेला क्रमसंकोच म्हणतात. ही लाट दोऱ्यालाही पुढे ढकलू पाहते, पण त्याचे वरचे टोक अडकलेले असते. दोरा पुढे सरकत नाही, तेव्हा आतडेच त्याच्यावर वर चढू लागते. पायजम्याची नाडी एका बाजूला घट्ट धरून कापड सरकवले की नेफ्याला चुण्या पडतात. आतड्याला अगदी तशाच चुण्या पडतात. ताणलेला दोरा प्रत्येक चुणीच्या आतल्या कडेवर करवतीसारखा घासत राहतो. शेवटी आतड्याला भोके पडतात, जंतू पोटाच्या पोकळीत शिरतात आणि पर्युदरशोथ होतो. उपचार न मिळाल्यास मांजर दगावते.

लक्षणे साधी असतात. मांजर वारंवार ओकते, खाणे सोडते, कोपऱ्यात दडून बसते, लाळ गाळते. सणाच्या दिवसांत ‘गोडधोड खाल्ले असेल’ असे म्हणून एक-दोन दिवस जातात, आणि नेमका तोच काळ मोलाचा असतो. वेळेवर शस्त्रक्रिया झाली तर बहुतेक मांजरे वाचतात. आतड्याला भोके पडल्यावर तीच शस्त्रक्रिया फार जोखमीची होते.

म्हणून पहिला नियम असा, की तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला तर तो ओढू नये. आत चुण्या पडलेल्या असतील तर ओढल्याने आतडे चिरले जाते. मिठाचे पाणी पाजून ओकारी काढू नये. लोंबणारा दोरा तसाच ठेवून मांजराला पशुवैद्याकडे न्यावे आणि काय गिळले असावे ते सांगावे. अकोल्यात स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे. इतरत्र जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना आधीच माहीत करून ठेवावा, कारण सणाच्या सुट्टीत शोधाशोध करण्यात वेळ जातो.

न सोसणारे यकृत

दुसरा धोका विषांचा आहे. आपल्या यकृतात काही विषारी द्रव्यांना ग्लुकुरॉनिक अम्ल जोडले जाते, ती पाण्यात विरघळू लागतात आणि शरीराबाहेर टाकली जातात. हे काम करणाऱ्या विकरांपैकी एका महत्त्वाच्या विकराचे जनुक मांजरात निकामी झालेले आहे, हे २००० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. २०११ मध्ये मार्जार कुळातल्या १८ जाती तपासल्या गेल्या, तेव्हा सगळ्यांत हाच प्रकार आढळला. निव्वळ मांसावर जगणाऱ्या कुळाला वनस्पतींतली विषे पचवण्याची गरज उरली नाही आणि ते जनुक बिघडले तरी निभावले, असा त्याचा अर्थ लावला जातो. १९७४ साली व्याघ्र प्रकल्प झालेल्या मेळघाटातला वाघ याच कुळातला. जंगलात ही उणीव त्याला बाधत नाही. घरातल्या मांजराला मात्र ती बाधते.

सणाआधी फरशी फिनाइलने पुसली जाते. मांजर ओल्या फरशीवरून चालते, मग पंजे चाटते आणि फिनॉल वर्गातली द्रव्ये त्याच्या पोटात जातात. आजारी मांजराला घरातली पॅरासिटामॉलची गोळी देणे तर घातकच. अर्धी गोळीही त्याचा जीव घेऊ शकते.

फुलांपैकी गुच्छात वापरले जाणारे मोठे लिलियम सर्वांत धोक्याचे. त्याचे पान, पाकळी किंवा अंगावर पडून चाटले गेलेले परागही मांजराची मूत्रपिंडे एक ते तीन दिवसांत निकामी करू शकतात. हारातली पांढरी बारीक लिली वेगळ्या कुळातली आहे. तिने ओकाऱ्या होऊ शकतात, पण मूत्रपिंडांवर असा आघात होत नाही. कण्हेरीत हृदयाची गती बिघडवणारी द्रव्ये असतात. नाताळात विकली जाणारी लाल पानांची पॉइन्सेटिया मात्र उगाच बदनाम आहे. तिच्या चिकाने तोंडाची आग होते आणि मांजर ओकते, एवढेच.

दिव्यांच्या माळा

माळेतल्या एका दिव्याला दोन-तीन व्होल्ट पुरतात, म्हणून माळ निर्धोक वाटते. पण स्वस्त माळांत दिवे एकसर जोडणीत असतात आणि संपूर्ण माळ २३० व्होल्टच्या घरगुती विजेवर चालते. वायर चावणाऱ्या मांजराला तोच धक्का बसतो. तोंड भाजते, आणि काही तासांनी फुप्फुसांत पाणी साठू शकते. मांजराला हात लावण्यापूर्वी मुख्य बटन बंद करावे. नंतर ते बरे दिसले, तरी पशुवैद्याला दाखवावे.

काय करावे?

सजावट सोडून देण्याची गरज नाही. फुलोरा आणि झिरमिळ्या मांजराची उडी पोचणार नाही अशा उंचीवर टांगाव्यात आणि खाली चढायला स्टूल किंवा कपाट ठेवू नये. महालक्ष्मीचे सुताचे दोरे डब्यात ठेवावेत. नाताळच्या झाडावर जर लावू नये. खालच्या फांद्यांवर कापडाच्या किंवा लाकडाच्या वस्तू लावाव्यात आणि काचेचे गोळे वर टांगावेत. झाडाचे वजन शेंड्याकडे गेले की गुरुत्वमध्य वर जातो आणि चढणाऱ्या मांजरासकट झाड कोसळते. म्हणून बूड रुंद आणि जड असावे व खोड तारेने भिंतीशी बांधावे. घरात कोणी नसताना माळेचा प्लग काढून ठेवावा. नायलॉन मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरीही तो सापडतो. संक्रांतीनंतर गच्चीवर पडलेले मांज्याचे तुकडे मुलांनी मोठ्यांच्या मदतीने गोळा करावेत, कात्रीने बारीक कापावेत आणि झाकणाच्या डब्यात टाकावेत.

वर्गासाठी एक प्रयोग

जुन्या पायजम्याचा सुमारे ४० सेंटिमीटर नेफा कापून घ्यावा. नाडीच्या एका टोकाला मोठी गाठ मारावी, म्हणजे ते टोक आत सरकणार नाही. दुसरे टोक एका विद्यार्थ्याने स्थिर धरावे आणि दुसऱ्याने कापड हळूहळू गाठीकडे सरकवावे. नेफ्याची लांबी दर वेळी मोजावी. मग बारीक पक्का दोरा साबणाच्या वडीच्या कडेवर शंभर वेळा मागेपुढे घासून खाच किती खोल जाते ते पाहावे. दोन्ही निरीक्षणे एकत्र ठेवली, की लोंबणारा दोरा का ओढू नये, हे विद्यार्थी स्वतःच सांगू शकतील. हा प्रयोग दिवाळीच्या सुट्टीआधी घ्यावा, असे आम्ही सुचवतो, म्हणजे त्याचा उपयोग त्याच सुट्टीत घरी होईल.