कड्यावरची शिंदळ माकुडी

बंगळूरच्या जयनगरात काय किंवा पुण्याच्या पेठांत काय, गच्चीवरील कुंड्यांतून मांसल खोडाची लहान लहान झाडे हौसेने लावलेली आढळतात. त्यांपैकी ‘स्टॅपेलिया’ ही मूळची आफ्रिकेच्या रुक्ष प्रदेशातील. तिची एक आप्त मात्र खास महाराष्ट्राची आहे, हे थोड्यांनाच ठाऊक असते. ती म्हणजे शिंदळ माकुडी.

१८६४ च्या सुमारास डालझेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने जुन्नर परिसरातील या वनस्पतीचे वर्णन प्रसिद्ध केले आणि मुंबई इलाख्याचे तत्कालीन गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या नावावरून तिला ‘फ्रेरिया इंडिका’ हे नाव दिले. आता तिची गणना ‘बौसेरोसिया’ या प्रजातीत होते. शिवनेरी, पुरंदर अशा महाराष्ट्रातील मोजक्या डोंगरांखेरीज जगात अन्यत्र ती आपोआप उगवत नाही. कुळ रुईचे, म्हणून तिच्या बियांनाही रुईच्या म्हातारीसारखा केसांचा झुबका असतो.

तिच्या बहुतेक आप्तांनी पानांचा संसार जवळजवळ सोडून दिला आहे. हिने तो चार महिन्यांपुरता राखला. पावसाळ्यात हिला चांगली रुंद पाने फुटतात आणि पिवळ्या नक्षीची जांभळट तांबडी, चांदणीसारखी फुले येतात. पाऊस सरला की पाने गळतात व हिरवे खोड तेवढे उरते. १९७७ साली लांगे आणि झूबर या संशोधकांनी दाखवून दिले की, पाने इतर सामान्य झाडांप्रमाणे दिवसा हवा घेऊन अन्न तयार करतात; खोड मात्र रात्रीच्या गारव्यात आपली रंध्रे उघडते, कार्बन डायऑक्साइड वायू आम्लाच्या रूपाने साठविते आणि दिवसा रंध्रे मिटून त्याची साखर बनविते. सुकाळाची रीत पानांची, दुष्काळाची खोडाची. चार महिने धो धो पाऊस आणि आठ महिने तापलेला कातळ, अशा ठिकाणी याहून शहाणा प्रपंच कोणता?

तरीही ही वनस्पती दुर्मिळ झाली आहे. गुरे सहसा पोहोचत नाहीत अशा कपारींतच ती मुख्यतः तग धरून आहे. खोडाचा तुकडा लावला तरी तिचे रोप होते. तेव्हा कुंडीसाठी कड्यावरचे झाड उपटण्याचे काहीच कारण नाही. शिवाय तुकड्यातून वाढलेले रोप ही मूळ झाडाचीच प्रतिकृती होय. बीजातून येणारे वैविध्य टिकावयाचे, तर फुले, त्यांच्यावर येणारे कीटक आणि तो उघडा कातळ, ही सारी जागच्या जागी राहिली पाहिजेत.