मूळ तसंच राहिलं तर

उजव्या पायाच्या अंगठ्याच्या रुतणाऱ्या नखावर मी दोनदा शस्त्रक्रिया करून घेतली. पहिल्यांदा अख्खं नखच काढलं. बघणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा, पण मला वाटलं, कायमचा सुटलो. पायाच्या अंगठ्याचं नख पूर्ण वाढायला वर्ष-दीड वर्ष लागतं. तेवढ्या काळात नवं नख आलं आणि त्याची कड पुन्हा तिथेच रुतली. पुन्हा पू, पुन्हा ठणका. रात्री चादर लागली तरी जीव कळवळायचा.

चूक कुठे झाली, ते दुसऱ्या सर्जननी समजावलं. नख वाढतं ते मागच्या त्वचेखाली दडलेल्या मुळापासून. अख्खं नख उपटलं तरी ते मूळ जागच्या जागी राहतं. शिवाय नख नसताना बोटाच्या टोकाचं मांस वर उचललं जातं आणि नव्या नखाची वाट अडवतं.

या वेळी त्यांनी फक्त कड काढली. अंगठ्याच्या बुडाशी दोन्ही बाजूंनी भुलेची सुई. खरं दुखलं ते तेवढंच. मग रबरी पट्टी आवळली, कारण रक्त आलं की मुळावर लावायचं औषध पातळ होतं. कडेची जेमतेम तीन मिलिमीटरची पट्टी उभी कापत कात्री त्वचेखाली गेली, चिमट्याने ती पिळून बाहेर ओढली. पुढे पिवळट, टणक. मागचं टोक मात्र पांढरं, मऊ, ओल्या कागदासारखं. एवढीशी ती पट्टी, आणि तिच्यापायी मी दोन पावसाळे बूट घातले नव्हते!

त्यानंतर फिनॉलमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा त्या खाचेत मिनिटभर घोळवला, असं तीनदा. त्याने मुळाचा तेवढाच भाग जळतो. फिनॉल म्हणजे जुनं कार्बोलिक ॲसिड. जोसेफ लिस्टर यांनी 1865 साली ग्लासगोत जखमा धुवायला वापरलं तेच. टाका एकही नाही. त्रास नाहीच असं मात्र नाही: जखम तीन आठवडे पाझरत होती, रोज ड्रेसिंग करावं लागलं.

फिनॉलऐवजी मूळ सुरीने कोरून काढण्याची विनोग्राड पद्धत 1929 पासूनची. तिच्यात टाके येतात. 1959 च्या व्हॅन्डेनबॉस पद्धतीत नखाला हातच लावत नाहीत, भोवतीचं मांस कापतात आणि जखम भरायला बरेच आठवडे जातात. नख पुन्हा रुतू नये यासाठी कड काढून फिनॉल लावणं हे फिनॉलशिवायच्या शस्त्रक्रियांपेक्षा बहुधा सरस ठरतं, असं वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रन संस्थेच्या 2012 च्या आढाव्यातही आलं आहे. माझं मतही तेच.

मधुमेह असेल तर आधी पायाचा रक्तपुरवठा तपासून घ्या. आणि नख काढायचं ठरलंच, तर टेबलावर आडवं होण्यापूर्वी डॉक्टरांना एवढं जरूर विचारा: मुळाचं काय करणार?