हिल, सर ऑस्टिन ब्रॅडफर्ड

(८ जुलै १८९७–१८ एप्रिल १९९१). ब्रिटिश वैद्यकीय सांख्यिकीविज्ञ. औषधांच्या यादृच्छिक चाचणीची पद्धत मानवी रोगांच्या बाबतीत रूढ करण्याबद्दल, तसेच धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांतील संबंध दाखविण्याबद्दल ते विशेष प्रसिद्ध आहेत.

त्यांचा जन्म लंडन येथे झाला. त्यांचे वडील सर लेनर्ड हिल हे नामवंत शरीरक्रियाविज्ञ होते. ऑस्टिन यांचाही वैद्यकाचा अभ्यास करण्याचा विचार होता. तथापि पहिल्या महायुद्धात नौदलाच्या विमान विभागात वैमानिक असताना १९१७ मध्ये त्यांना फुप्फुसाचा क्षय झाला. त्या काळी या रोगावर विश्रांतीखेरीज खात्रीचा उपाय नव्हता. दीर्घकाळ अंथरुणास खिळल्यामुळे वैद्यकाचा मार्ग बंद झाला. पत्रद्वारा अभ्यास करून १९२२ मध्ये त्यांनी लंडन विद्यापीठाची अर्थशास्त्राची पदवी मिळविली. पुढे वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या) साहाय्याने त्यांनी एसेक्स परगण्यातील स्थलांतर व मृत्युमान, तसेच कापडगिरण्यांतील कामगारांचे आजार यांचा अभ्यास केला. मेजर ग्रीनवुड यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी संख्याशास्त्र आत्मसात केले. ‘लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसीन’ या संस्थेत १९३३ मध्ये ते प्रपाठक झाले आणि ग्रीनवुड यांच्यानंतर १९४५–६१ या काळात वैद्यकीय सांख्यिकीचे प्राध्यापक होते.

द लॅन्सेट या साप्ताहिकात १९३७ मध्ये त्यांची लेखमाला प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी ती प्रिन्सिपल्स ऑफ मेडिकल स्टॅटिस्टिक्स या नावाने ग्रंथरूपाने आली. गणिताचा फारसा आधार न घेता लिहिलेल्या या ग्रंथाच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. वैद्य बिचकू नयेत म्हणून ‘यादृच्छिक’ या संज्ञेचा उल्लेख त्यांनी त्या लेखांत हेतुपुरस्सर टाळला होता.

ही कल्पना प्रत्यक्षात आणण्याची मोठी संधी स्ट्रेप्टोमायसीन या औषधामुळे मिळाली. १९४३ मध्ये अमेरिकेत शोधले गेलेले हे औषध युद्धोत्तर ब्रिटनला अत्यल्प प्रमाणातच मिळू शकत होते. सर्व रुग्णांना ते देणे अशक्य असल्याने, काही रुग्णांना नेहमीचीच चिकित्सा देऊन तुलना करणे हिल यांच्या मते नीतीला धरून होते. चाचणीसाठी दोन्ही फुप्फुसांत तीव्र क्षय असलेले १०७ तरुण रुग्ण निवडण्यात आले. कोणाला औषध द्यावयाचे हे वैद्याच्या मर्जीवर न सोडता यादृच्छिक अंकांवरून आधीच ठरवून मोहोरबंद पाकिटांत ठेवले होते; रुग्ण चाचणीस पात्र ठरल्यावरच पाकीट उघडले जाई. क्ष-किरण चित्रांचे परीक्षण करणाऱ्या तज्ञांनाही रुग्ण कोणत्या गटातील आहे हे माहीत नसे. त्यामुळे बरी होण्याजोगी माणसे नकळत औषधाच्या गटात घालण्याचा, किंवा चित्रात सुधारणा पाहण्याचा, मोह उरला नाही. सहा महिन्यांत औषध दिलेल्या ५५ रुग्णांपैकी ४, तर केवळ विश्रांती दिलेल्या ५२ पैकी १४ दगावले. हा अहवाल १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला.

याच चाचणीने औषधाची मर्यादाही उघड केली. जंतू औषधाला दाद देईनासे होत आणि पाच वर्षांअखेर दोन्ही गटांतील मृत्युसंख्येत फारसा फरक उरला नाही (३२ व ३५). दोन औषधे एकत्र दिल्यास हा प्रतिरोध टळतो, हे नंतरच्या चाचण्यांवरून दिसले. मद्रास येथे १९५६ मध्ये स्थापन झालेल्या क्षयरोग रसायनचिकित्सा केंद्राने याच पद्धतीने घरी व आरोग्यधामात दिलेल्या उपचारांची तुलना केली. घरी उपचार घेणारे रुग्णही जवळजवळ तितकेच बरे होतात, असे आढळले. खाटांची टंचाई असलेल्या भारतासारख्या देशांच्या दृष्टीने हा निष्कर्ष फार मोलाचा ठरला.

रोगाचे कारण शोधताना मात्र असे वाटप करता येत नाही. माणसांना चिठ्ठ्या टाकून धूम्रपान करावयास लावणे शक्य नसते. म्हणून हिल व रिचर्ड डॉल यांनी फुप्फुसाचा कर्करोग झालेल्या ७०९ रुग्णांची इतर आजारांच्या तितक्याच रुग्णांशी तुलना केली (१९५०). कर्करोगाच्या ६४९ पुरुष रुग्णांत धूम्रपान न करणारे केवळ २ होते. तुलनेच्या गटात ते २७ होते. रुग्ण आपल्या सवयी चुकीच्या सांगत असतील, हा आक्षेप दूर करण्यासाठी १९५१ मध्ये ब्रिटनमधील डॉक्टरांना प्रश्नावली पाठविण्यात आली. उत्तरे देणाऱ्या सु. ४०,००० डॉक्टरांच्या मृत्यूंची पुढे वर्षानुवर्षे नोंद ठेवण्यात आली व पहिला निष्कर्ष दृढ झाला. आर्. ए. फिशर यांच्यासारख्या थोर संख्याशास्त्रज्ञाने मात्र तो मान्य केला नाही : सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते.

या प्रश्नाचा ऊहापोह हिल यांनी १९६५ मधील व्याख्यानात केला. संबंधाची तीव्रता, सातत्य, विशिष्टता, कालक्रम, मात्रेनुसार होणारा बदल, जैव संभाव्यता, सुसंगती, प्रायोगिक पुरावा व सादृश्य हे नऊ दृष्टिकोन त्यांनी मांडले. नंतरच्या पाठ्यपुस्तकांत हे ‘निकष’ म्हणून रूढ झाले; हिल यांनी मात्र त्यांना नियम मानले नव्हते. ज्ञान अपुरे आहे म्हणून कृती लांबणीवर टाकू नये, असाही त्यांचा आग्रह होता.

रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीचे अध्यक्षपद (१९५०–५२) व सुवर्ण गाय पदक (१९५३), रॉयल सोसायटीचे सदस्यत्व (१९५४) आणि ‘सर’ हा किताब (१९६१) हे सन्मान त्यांना मिळाले. ज्या रोगामुळे त्यांचे वैद्य होणे राहिले, त्याच रोगावरील औषधाच्या परीक्षेतून त्यांनी वैद्यकाला पुराव्याची शिस्त लावली.