थंडीचे घरांतील बळी

थंडीनें माणूस दगावतो तो हिमाच्छादित डोंगरांतच, असा सर्वसाधारण समज आहे. अमेरिकेंतील टेक्सास हें एरव्हीं उष्ण हवेचें राज्य. परंतु फेब्रुवारी २०२१ मध्यें तेथें कडाक्याची थंडी पडली, वीजपुरवठा कोलमडला आणि सुमारें ४५ लाख घरें व दुकानें अंधारांत गेलीं. सरकारी मोजणीप्रमाणें २४६ माणसें मृत्यु पावलीं. त्यांतील जवळजवळ दोनतृतीयांश केवळ गारठ्यानें, आणि कित्येक स्वतःच्या घरांत.

असें कां व्हावें? शरीराचें उष्णमान सुमारें ३७ अंश सेंटिग्रेड असतें. तें ३५ च्या खालीं उतरलें कीं धोका सुरू होतो. निरोगी तरुणास हुडहुडी भरते, व त्या थरथरीनेंच स्नायूंत ऊब उत्पन्न होते. वृद्धांत ही शक्ति मंदावलेली असते. नवजात अर्भकास तर हुडहुडी जवळजवळ भरतच नाहीं. पुढें बुद्धीसही ग्लानि येते. त्यामुळें गारठलेला वृद्ध तक्रारसुद्धां करीत नाहीं.

दुसरा शत्रु याहून छुपा. बंद खोलींत कोळशाची शेगडी पेटविली, तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु साठतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. निजलेल्यास जागही येत नाहीं. टेक्सासमध्येंही या वायूनें बळी घेतले.

म्हणून शेगडी पेटती ठेवून कधींही निजूं नये. कपड्यांचे थर व कानटोपी घालावी. एकट्या राहणाऱ्या वृद्ध शेजाऱ्याची रोज चौकशी करावी. त्याचें बोलणें अडखळूं लागल्यास डॉक्टरांस त्वरित बोलवावें. वेळेवर ठोठावलेलें दार हेंही एक पांघरूणच आहे.