बुद्धी, प्रयत्न आणि आपली समजूत

दहावी-बारावीचे निकाल लागले की घरी, शेजारी आणि बँकेच्या काउंटरवरही एकच चर्चा चालते. अमक्याचा मुलगा मुळातच हुशार, तमक्याच्या मुलीचे डोके गणितात चालत नाही. बोलणारा सहज बोलून जातो. परंतु ऐकणारे मूल ते वाक्य वर्षानुवर्षे सोबत वागवते. बुद्धी आणि प्रयत्न यांविषयीच्या आपल्या समजुती यशावर कसा परिणाम करतात, याचा थोडा विचार या स्मरणिकेच्या निमित्ताने मांडत आहोत.

आम्ही आठवीत असताना एका शिक्षकांनी आम्हाला फळ्याजवळ उभे करून सांगितले, ‘गणित तुम्हा लोकांचं काम नव्हे.’ ‘तुम्हा लोकांचं’ या शब्दांत आम्ही एकटे नव्हतो, आमची अख्खी वस्ती होती, हे सगळ्या वर्गाला कळले. त्या दिवसापासून गणित चुकले की आम्हाला आश्चर्य वाटेनासे झाले आणि बरोबर आले तर तो योगायोग वाटू लागला. पुढे कला शाखा घेतली. ती शाखा आम्हाला आज प्रिय आहे, परंतु तिची निवड आम्ही आवडीने नव्हे, भीतीने केली होती. पदवीनंतर बँक भरतीच्या परीक्षेत तेच अंकगणित पुन्हा पुढे उभे राहिले. दोनदा नापास झालो. तेव्हा मामांनी पाचवीचे गणिताचे पुस्तक आणून दिले आणि म्हणाले, ‘जिथं सुटलं तिथूनच धर.’ अपूर्णांकापासून सुरुवात करून आठ महिन्यांत शेकडेवारी आणि व्याजापर्यंत आलो. आज त्याच व्याजाच्या हिशेबावर आमचा संसार चालतो.

म्हणजे आठवीत आमची बुद्धी कमी होती आणि नंतर वाढली काय? तसे नव्हे. बदलली ती समजूत, आणि समजूत बदलल्यामुळे बदलला तो अभ्यास.

अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात क्लॉडिया म्यूलर आणि कॅरोल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी याच प्रश्नावर प्रयोग केले. ते १९९८ साली प्रसिद्ध झाले. पाचवीच्या मुलांना काही सोपी कोडी दिली. ती सुटल्यावर काहींना ‘तू हुशार आहेस’ अशी शाबासकी दिली, तर काहींना ‘तू मेहनत घेतलीस’ अशी दिली. नंतर सर्वांना अवघड कोडी दिली. साहजिकच सगळ्यांचे चुकले. त्यानंतर पुन्हा पहिल्यासारखी सोपी कोडी दिली, तेव्हा हुशारीची शाबासकी मिळालेली मुले पहिल्यापेक्षा मागे पडली आणि मेहनतीची शाबासकी मिळालेली पुढे गेली. कारण उघड आहे. हुशारी जन्मजात आहे असे मानले की चूक म्हणजे हुशारी नसल्याचा पुरावा ठरतो. मग मूल अवघड गोष्टीला हात लावत नाही. मेहनतीने जमते असे मानले की चूक म्हणजे पुढे काय शिकायचे याची खूण ठरते.

आपल्या देशातील एक प्रयोग तर आपल्या काळजाला भिडणारा आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या अर्थशास्त्रज्ञांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. जात जाहीर केली नव्हती, तेव्हा दलित मुले आणि सवर्ण मुले यांच्या कामगिरीत लक्षणीय फरक नव्हता. परंतु सर्वांसमोर मुलांची नावे जातीसह वाचून दाखवली, तेव्हा दलित मुलांची कामगिरी घसरली. मुले तशीच आणि कोडीही तशीच होती. फक्त ‘तू कोण आहेस’ याची आठवण करून दिली गेली. हा प्रबंध २००६ साली प्रसिद्ध झाला. तो वाचताना आम्हाला आमचा तो फळा आठवला.

विद्यार्थी मित्रांनो, परमपूज्य बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. आजच्या हिशेबाने ते चाळीस टक्केही भरत नाहीत. निव्वळ गुणपत्रिका पाहून त्यांच्या बुद्धीचा निवाडा केला असता, तर काय झाले असते? त्या वेळी समाजाने त्यांचा सत्कार केला आणि केळुस्कर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुढे महाराज सयाजीराव गायकवाड यांची शिष्यवृत्ती मिळाली आणि १९१३ साली ते कोलंबियाला गेले. लंडनमध्ये डी.एस्सी.साठी सादर केलेला रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध परीक्षकांनी सुधारण्यास सांगितला. त्यांनी तो सुधारून पुन्हा सादर केला आणि १९२३ साली पदवी मिळवली. एवढ्या थोर विद्वानालाही आपले लिखाण पुन्हा करावे लागले, यात कमीपणा नाही. विद्येचा मार्गच तसा आहे.

लातूरकरांना आणखी एक उदाहरण दाराशीच आहे. बोर्डाची गुणवत्ता यादी म्हणजे पुण्या-मुंबईची मक्तेदारी, असे एके काळी मराठवाड्यात धरून चालले जाई. राजर्षी शाहू महाविद्यालयासारख्या संस्थांनी ते मानले नाही. जादा तास, अभ्यासक्रम वेळेआधी संपवणे, सराव परीक्षा, चुकलेल्या उत्तरांची पुन्हा तयारी, असा क्रम त्यांनी लावला आणि लातूरचे विद्यार्थी यादीत झळकू लागले. ‘लातूर पॅटर्न’ हे नाव राज्यभर झाले. त्याच्यावर घोकंपट्टीची टीकाही झाली, ती अगदीच निराधार नाही. परंतु मागास म्हटल्या गेलेल्या भागातील मुलांना पद्धतशीर सराव दिला तर ती कोठेही कमी नाहीत, एवढे त्याने सिद्ध केले.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘प्रयत्न कर’ म्हणणे फुकट आहे. पुस्तके, शिकवणीची फी, वसतिगृह आणि पोटभर जेवण यांना पैसा लागतो. बाबासाहेबांच्या जिद्दीला शिष्यवृत्तीचा आधार होता, आम्हाला मामा होते. अमेरिकेत सुमारे १२ हजार नववीच्या विद्यार्थ्यांवर केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही हेच दिसले. समजूत बदलल्याने मागे असलेल्या मुलांना फायदा झाला, पण तो थोडा होता, आणि जेथे भोवतालचे वातावरण अनुकूल होते तेथेच अधिक दिसला. अपयशाचा सगळा दोष मुलाच्या माथी मारणे हा त्याच्यावर दुसरा अन्याय होय.

प्रयत्नालाही मर्यादा हवी. अष्टांगिक मार्गात ‘सम्यक व्यायाम’ सांगितला आहे, म्हणजे योग्य प्रयत्न. सोण नावाच्या भिक्खूने चालून चालून पाय रक्ताळून घेतले, तेव्हा तथागतांनी त्याला वीणेची आठवण दिली. तारा फार ताणल्या तरी सूर लागत नाही, फार सैल सोडल्या तरी लागत नाही. रात्र रात्र जागून खंगणाऱ्या मुलांच्या पालकांनी ही गोष्ट जरूर ध्यानात ठेवावी.

मग आपण काय करावे? ‘हुशार आहेस’ म्हणण्याऐवजी ‘हे कसे सोडवलेस, सांग’ असे विचारावे. ‘येत नाही’ म्हणणाऱ्या मुलाला ‘अजून येत नाही’ म्हणायला शिकवावे आणि जिथे सुटले तिथपर्यंत मागे नेऊन शिकवावे. घरात भावंडांची तुलना करू नये. आणि संस्थेच्या गुणगौरव समारंभात नव्वद टक्केवाल्यांबरोबर नापास होऊन पुन्हा बसलेल्या आणि पस्तीस टक्क्यांनी पास झालेल्या मुलालाही व्यासपीठावर बोलवावे. त्याच्या हाती एखादे पुस्तक द्यावे. २८२ गुण मिळवणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या हाती दिलेल्या पुस्तकाचे पुढे काय झाले, हे आपण सर्व जाणतोच.

जयभीम!