पाणी शिरतं एकीकडे, ओल दिसते भलतीकडे

लग्नसराईत राजाराम पुलाजवळच्या डीपी रस्त्यावर वऱ्हाडाच्या ट्रॅव्हलर ओळीने उभ्या असतात. शाळेची, कंपनीची, अष्टविनायकाची ट्रीप असो, पुण्यात बारा-पंधरा माणसं एकत्र हलवायची म्हटलं की हीच गाडी. दहा-बारा वर्षं राबली की ती विकायला निघते. मग एखादा हौशी माणूस ती घेतो, सीटा काढतो, आत पलंग, ओटा, बेसिन, छतात पंखा बसवतो आणि त्याचं फिरतं घर तयार होतं. कर्वेनगर-वारज्यात राहणाऱ्याला चांदणी चौक जवळ, तिथून पिरंगुट आणि पुढे ताम्हिणी. जून उजाडला की घाटात जायची हौस अनावर होते आणि त्याच घाटात छत पहिल्यांदा टपकतं.

या गाडीचं कूळ लक्षात घेण्यासारखं आहे. आकुर्डीची बजाज टेम्पो (2005 पासून फोर्स मोटर्स) 1987 पासून ट्रॅव्हलर बनवते आणि तिचा मूळ आराखडा मर्सिडीजच्या ‘टी-1’ या व्हॅनचा. ती व्हॅन 1977 मध्ये जर्मनीतल्या ब्रेमेनला बनू लागली. युरोपात तिच्यावर असंख्य मोटरहोम उभी राहिली आणि त्यांतली बरीच अजून रस्त्यावर आहेत. म्हणजे तिकडचा निवृत्त मास्तर आपल्या जुन्या कॅम्परमधली ओल काढत बसतो तेव्हा तो आपल्या ट्रॅव्हलरच्या सख्ख्या बहिणीचीच शुश्रूषा करत असतो. मात्र तिथल्या अनेक मोटरहोममध्ये व्हॅनची मूळ बॉडी काढून लाकडी चौकट, मध्ये फोम आणि वरून पातळ अ‍ॅल्युमिनियम अशी खोली बांधलेली असते. तिथे पाणी शिरलं की चौकटच कुजते. आपल्याकडे मूळ पत्र्याचा सांगाडा शाबूत असतो. कुजतं ते आतून लावलेलं प्लायवूड, आणि गंजतो तो त्याच्यामागचा, कुणाला न दिसणारा पत्रा.

कारखान्यातून आलेलं छत सहसा गळत नाही. गळती आपण लावून घेतो. पंख्यासाठी छताला चौकोन कापला, कॅरिअरसाठी बोल्टची भोकं पाडली, सोलर पॅनलचे ब्रॅकेट बसवले, वायर आत घेतली, बाजूला जास्तीची खिडकी काढली. यातला प्रत्येक जोड पुण्याच्या खड्ड्यांवर आणि घाटाच्या वळणांवर रोज पिळवटतो. चालती गाडी वळते, हलते, उन्हात प्रसरण पावते. तिच्या जोडातला मसाला तिच्याबरोबर ताणला गेला नाही तर केसाएवढी फट पडते, आणि पाण्याला तेवढी पुरते.

पुढचं सगळं पाण्याच्या स्वभावावर आहे. छताच्या पत्र्याला आतून आडव्या पट्ट्या असतात. पुढच्या कॅरिअरच्या बोल्टातून शिरलेला थेंब पट्टीला धरून चालतो, गाडी चढाला लागली की मागे जातो, ब्रेक लागला की पुढे येतो, आणि शेवटी मागच्या कोपऱ्यात पलंगाच्या डोक्याशी उतरतो. मालक म्हणतो, “मागच्या दाराचं रबर गेलंय.” रबर बदललं जातं, पैसे जातात, ओल तिथेच. या कामातली खरी कारागिरी शोधण्यात आहे. बुजवणं कुणालाही जमतं.

शोधायची रीत सोपी आहे, फक्त तिला दोन माणसं आणि दांडगा धीर लागतो. आतलं अस्तर उतरवायचं, पत्रा पुसून कोरडा करायचा आणि संशयाच्या पट्ट्यांवर टाल्कम पावडर भुरभुरायची. एकजण टॉर्च घेऊन आत, दुसरा पाइप घेऊन बाहेर. पाणी खालून वर चढवत न्यायचं: आधी खिडकीची खालची कड, मग बाजू, मग पन्हळ, सगळ्यात शेवटी छत, आणि प्रत्येक ठिकाणी पाच-दहा मिनिटं थांबायचं. वरून सुरुवात केली तर ओघळ सगळीकडून येतो आणि काहीच कळत नाही. पावडरीवर पाण्याची रेघ उमटते. तिचा माग वरच्या दिशेने काढायचा. दुसरी युक्ती उलटी आहे. खिडक्या-दारं बंद करून ब्लोअर बाहेरची हवा आत ओढेल असा पूर्ण वेगावर लावायचा आणि बाहेरून जोडांवर साबणाचं पाणी फासायचं. फट असेल तिथे बुडबुडे येतात.

दोन टोकांचं मॉइश्चर मीटर हाताशी असलं तर बरं. लाकडात पंधरा टक्क्यांपर्यंत ओलावा असला तर काळजी नाही, विसाच्या वर गेला की बुरशी आणि कुज यांना दार उघडतं. पण ऑगस्टमध्ये पुण्यातलं धडधाकट प्लायवूडही जास्त आकडा दाखवतं. म्हणून आधी जिथे पाणी जाणं शक्यच नाही अशा जागी, समजा मधल्या कपाटाच्या फळीवर, मोजायचं आणि इतर आकडे त्याच्याशी ताडून पाहायचे. ब्रिटनमध्ये कॅरॅव्हॅनच्या वार्षिक तपासणीत ही ओल मोजून नोंदवतात. आपल्याकडे नाकावर भागवतात. नाक वाईट साधन नाही, फक्त उशिरा सांगतं.

कधी कधी गळती नसतेच. बंद गाडीत एक किलो गॅस जाळला की सुमारे दीड लिटर पाणी वाफेच्या रूपाने हवेत येतं. त्यात रात्रभराचे दोघांचे श्वास. थंड पत्र्याला ही वाफ लागली की सकाळी छताला घाम फुटलेला दिसतो. त्यावर मसाला फासणं म्हणजे तापाला मलमपट्टी. छताचा पंखा चालू आणि खिडकी बोटभर उघडी ठेवणं, एवढाच त्याला इलाज.

आता सिलिकॉनबद्दल. हार्डवेअरच्या दुकानातली ती नळी या धंद्यातला सगळ्यात मोठा उपद्रव आहे असं माझं मत आहे. तिच्यातल्या स्वस्त प्रकाराला व्हिनेगरचा आंबट वास येतो, कारण सुकताना त्यातून अ‍ॅसेटिक आम्ल सुटतं. उघड्या पोलादाला तेच गंज आणतं. शिवाय सिलिकॉनवर रंग बसत नाही, दुसरा मसाला चिकटत नाही, आणि जुनं सिलिकॉन पूर्ण खरवडून काढणं ही एक स्वतंत्र शिक्षाच आहे. एम-सील दगडासारखं घट्ट होतं, म्हणून हलत्या जोडाला तडकतं. गाडीला लागतो तो ताणला जाणारा पॉलियुरेथेन सीलंट, आणि पंख्याच्या किंवा खिडकीच्या चौकटीखाली ब्युटिल टेप. पण तोही कोरड्या, स्वच्छ, प्राइमर मारलेल्या पत्र्यावरच.

वेळ जातो तो पत्रा आणि फळ्या कोरड्या करण्यात. बाहेरची फट बुजवली आणि आतलं ओलं तसंच ठेवलं, तर पाणी आत कोंडून ठेवल्यासारखं होतं. ग्लासवूल भिजलेलं असेल तर टाकून द्यावं. थर्माकोल पाणी पीत नाही, पण तो आणि पत्रा यांच्यामध्ये पाणी महिनोन्‌महिने तळ ठोकतं. बाहेर रंगाला फोड दिसेपर्यंत पत्रा आतून चाळण झालेला असतो. तिथे लांबी भरून रंग मारणारे भेटतील. त्यांना नमस्कार करावा आणि गंजका भाग कापून नव्या पत्र्याचं ठिगळ वेल्ड करणाऱ्याकडे जावं. मग इपॉक्सी प्राइमर, आणि सांगाड्याच्या पोकळ भागांत मेण. नवी फळी लावताना आयएस 710 चं मरीन प्लाय मागावं. त्याचा डिंक 72 तास उकळत्या पाण्यात टिकतो. आयएस 303 चं साधं कमर्शियल प्लाय स्वस्त पडतं आणि पुढच्या पावसात त्याचे पापुद्रे सुटतात.

पूर्वी कौलारू घर वैशाखात शाकारून घेत. हे कामही कोरड्या दिवसांचं आहे. दिवाळी ते शिमगा पुण्याची हवा फुकट सुकवून देते. पण मालक जागा होतो जुलैत, आणि मग गाडीवर निळी ताडपत्री आवळून बांधतो. तिच्याखाली हवा खेळत नाही, वाफ कोंडते आणि बुरशीची चंगळ होते. ताडपत्री घालायचीच तर खाली बांबू टाकून ती छतापासून उचलून धरावी आणि बाजू मोकळ्या ठेवाव्यात. गाडी किंचित उतारावर उभी केली तर छतावर तळं साचत नाही.

महाराष्ट्र सरकारने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आणि या हौसेला मान मिळाला. कर्वेनगरातून दिसणाऱ्या वेताळ टेकडीवर वाहनांच्या चाचण्या घेणारी एआरएआय आहे आणि मोटार कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-124 हे वेगळं मानकही आहे. नोंदणी झालेल्या गाडीत असा बदल करायला आरटीओची मंजुरी लागते. ती आधी घ्यावी.

जुनी कॅम्पर विकत घ्यायची असेल तर मार्चमध्ये बघू नका, ऑगस्टमध्ये बघा, तीही पाऊस पडत असताना. गादी उचला, मागच्या दोन्ही कोपऱ्यांतलं प्लाय अंगठ्याने दाबा, पंख्याच्या चौकटीभोवती हात फिरवा. एकाच कोपऱ्यात नवी कोरी सनमायका आणि छतावर ताजं पांढरं सिलिकॉन दिसलं, तर अस्तर उघडून दाखवायला सांगा. विकणारा तयार झाला नाही तर ती गाडी सोडून द्या. ट्रॅव्हलर पुण्यात दुसरी मिळते.