जुनी विचित्र चित्रे, नवी हस्तकला : कात्री मूळ पानावर नको

एकोणिसाव्या शतकातील पुस्तके व नियतकालिके चाळताना कोट घातलेला बेडूक, मानवी चेहऱ्याचा चंद्र, अजब यंत्रे अशी विचित्र चित्रे समोर येतात. शुभेच्छापत्रे, वह्यांची वेष्टने आणि लाकडी पेट्या सजविण्यासाठी हस्तकलाप्रेमी त्यांचा वापर करतात. कापलेली चित्रे पृष्ठभागावर चिकटवून त्यावर वार्निशचे थर देण्याच्या कलेस ‘डेकूपाज’ म्हणतात.

छापील चित्राला नवे रूप देण्याची प्रथा जुनी आहे. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या छापखान्यातील देवदेवतांची चित्रे जरी, टिकल्या व कापड लावून सजविली जात. चित्रकार माक्स अर्न्स्ट यांनी जुन्या पुस्तकांतील कोरीव चित्रे कापून, जोडून १८२ चित्रांची कादंबरी साकारली. ती १९३४ मध्ये पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाली.

आज मात्र मूळ पान कापण्याची आवश्यकता उरलेली नाही. पान वेगळे झाले की पुस्तक अपुरे होते, मागील बाजूचा मजकूर जातो आणि चित्र कोणाचे, कोणत्या वर्षाचे, हा संदर्भही हरवतो. ब्रिटिश लायब्ररीने डिसेंबर २०१३ मध्ये जुन्या पुस्तकांतील दहा लाखांहून अधिक चित्रे मुक्त वापरासाठी इंटरनेटवर उपलब्ध केली.

चित्र जुने दिसते म्हणून त्यावरील हक्क संपला, असे मानणे चुकीचे ठरेल. भारतातील १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रकाराच्या निधनानंतरच्या वर्षापासून साधारणपणे ६० वर्षे हक्क टिकतो. १९५० मध्ये छापलेल्या चित्राचा कर्ता १९८० मध्ये निवर्तला असल्यास हा हक्क २०४० अखेरपर्यंत राहील. विक्रीसाठी वस्तू बनविणाऱ्यांनी ही खातरजमा अवश्य करावी.

प्रत घेताना प्रति इंच किमान ३०० बिंदूंची स्पष्टता ठेवावी. बांधणी नाजूक असल्यास पुस्तक यंत्रावर न दाबता छायाचित्र घ्यावे. इंकजेट छपाईची शाई ओल्या गोंदाने पसरू शकते. म्हणून लेझर छपाई सोयीची ठरते. तयार वस्तूच्या मागे पुस्तकाचे नाव, चित्रकार व वर्ष लिहून ठेवावे. अशा रीतीने चित्र नव्या वस्तूवर येते आणि मूळ पान पुढील वाचकासाठी पुस्तकातच राहते.